सात मिनिटांची प्रदक्षिणा

भोंग्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला घड्याळाचा संशय फार. एका कारखान्यात (नाव नको) पाळी सुटल्याचा भोंगा रोज किंचित उशिरा होई. एका दिवसाचे मोजले तर लोक हसत. आम्ही महिनाभर टिपून बेरीज मांडली, तेव्हा वरिष्ठांना उत्तर द्यावे लागले. पुढे दोन ताऱ्यांची घाई अशाच बेरजेने पकडल्याचे वाचले, आणि आम्ही त्या विषयात गुंतलो.

भूतप तारकासमूहात, सात-आठ हजार प्रकाशवर्षांवर, दोन श्वेत बटू एकमेकांभोवती ६.९१ मिनिटांत फेरी घेतात. श्वेत बटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा घट्ट दाबला गेलेला गाभा. यांतला जड तारा सूर्याच्या सहा-दशांश वजनाचा, पण रुंदीने पृथ्वीच्या दुपटीहूनही कमी. दुसरा वजनाने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा, तरी आकाराने मोठा. या जातीत हलका तोच फुगीर. सारी जोडी शनीच्या पोटात मावेल.

दुर्बिणीतून दोन ठिपके दिसतात असे मात्र कोणी समजू नये. दिसतो एकच, अतिमंद. थंड तारा तप्त ताऱ्याच्या आड आला की उजेड एकदम पडतो, एवढीच खूण. अमेरिकेतील पालोमार येथील ४८ इंची दुर्बीण आकाश पुन्हा पुन्हा टिपते, पण एक छायाचित्र आज, तर दुसरे परवा. त्यांतून सात मिनिटांची लय कळावी कशी? गणकयंत्र निरनिराळे काळ धरून सारी टिपणे एकावर एक घडी घालून पाहते. काळ चुकला तर नुसता पसारा; जुळला तर ग्रहणाचा खड्डा स्वच्छ उमटतो. पुढे तेथल्याच २०० इंची दुर्बिणीवर जलद कॅमेरा लावून खात्री केली, आणि २०१९ साली केविन बर्ज व सहकाऱ्यांनी ही जोडी जाहीर केली.

फेरीचा काळ वर्षाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी घटतो. तो थेट कोण मोजणार? पण वर्षात ७६ हजार फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरी मागचीहून जराशी आखूड. म्हणून अचल घड्याळाशी ताडले तर वर्षाअखेर ग्रहण सुमारे २८ सेकंद आधी येते. दुप्पट काळात चौपट, दहा वर्षांत जवळजवळ ४७ मिनिटे!

कारण आइन्स्टाइनने १९१६ साली सांगितलेल्या गुरुत्वलहरी. त्या ऊर्जा नेतात आणि तारे रोज २६ सेंटिमीटर जवळ सरकतात. ऊर्जा गमावणारा मंदावेल असे वाटते. येथे तो आत खेचला जाऊन उलट वेगाने धावतो. हे आमच्या डोक्यात शिरायला बरेच दिवस लागले.

त्या लहरी प्रत्यक्ष टिपण्यासाठी युरोपीय अवकाश संस्था २०३५ च्या सुमारास 'लिसा'ची तीन याने परस्परांपासून २५ लाख किलोमीटरवर ठेवणार आहे. या जोडीची लहर फेरीच्या निम्म्या काळाने, म्हणजे सुमारे २०७ सेकंदांनी, यायला हवी. 'लिसा'चे यंत्र नीट चालते की नाही, हे तिच्यावरूनच तपासता येईल.