शिपाईगिरीसाठी अर्ज

माणूस फौजेत का जातो, या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. देशप्रेम, घराण्याची परंपरा, पोटापाण्याची सोय. भरतीच्या रांगेतल्या मुलाला विचारलं, तर समोरच्या साहेबाला रुचेल तेच तो सांगतो. त्यामुळे खरं कारण सहसा कागदावर येत नाही. महाराष्ट्रात मात्र एका समाजाने आपल्याला फौज का हवी, हे सरकारला लेखी कळवलं, आणि जवळजवळ पन्नास वर्षं कळवत राहिला. कारण फौजेचं दार त्याच्यासाठी बंद झालं होतं.

1910 साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. कांबळे पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. 1903 मध्ये सासवडला 51 गावांच्या महारांची सभा भरवून मुंबई सरकारकडे अर्ज करण्याचं कामही त्यांनीच केलं होतं. 1910 च्या अर्जातली मागणी वाचताना आजही पोटात कालवतं. मोठे राजकीय हक्क आम्हाला नकोत, पोलिसात आणि पलटणीत साध्या शिपायाच्या जागा द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. सगळ्यात खालची पायरी, तीही अर्ज करून मागायची.

एवढी तळमळ कशासाठी? कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात वेगवेगळ्या जातींचे शिपाई एकाच रांगेत उभे राहत. गावात ज्याची सावली चालत नव्हती, तो इथे हवालदार होई, सुभेदार होई, हुकूम देई. कोरेगाव भीमाचा स्तंभ जवळून पाहावा. 1 जानेवारी 1818 रोजी कंपनीच्या फौजेने पेशव्यांशी दिलेल्या लढाईतल्या शिपायांची नावं त्यावर कोरलेली आहेत, आणि त्यातली 22 नावं ‘नाक’ने संपतात. ती महार शिपायांची. गावात ज्यांना नावाने हाक मारणंही कमीपणाचं वाटे, त्यांची नावं इथे दगडावर आहेत. हे लोक परक्या सत्तेसाठी लढले, असा आक्षेप घेतला जातो. ज्या राज्यात त्यांना पाणवठ्यावर जागा नव्हती, त्या राज्यासाठी जीव देण्याची अपेक्षा त्यांच्याकडूनच का करावी, हे आक्षेप घेणाऱ्यांनी आधी सांगावं.

पण मान हे एक कारण झालं. माझ्या मते त्याहून मोठी ओढ शाळेची होती. छावणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले, सुभेदार झाले, आणि 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीतच त्यांना भीमराव झाला, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर. गावच्या शाळेने बाहेर बसवलं असतं अशा काळात या घरात ग्रंथवाचन चालत होतं.

आणि तिसरी गोष्ट पेन्शन. महाराचं जगणं वतनाला बांधलेलं होतं. येसकरकी करायची, वेठ करायची, मेलेलं ढोर ओढायचं आणि बलुत्यासाठी दारोदार हात पसरायचा. गावाने बलुतं बंद केलं की चूल बंद. पेन्शनरावर गावाचा हा दाब चालत नव्हता. त्याचे पैसे सरकारकडून येत. म्हणून दापोलीकडे पाहावं लागतं. त्या कॅम्पात निवृत्त शिपायांची वस्ती होती, आणि अस्पृश्यांच्या चळवळीची पहिली अक्षरं तिथेच उमटली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. ‘अनार्य दोष परिहार मंडळी’ त्यांनी स्थापली आणि ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. निवृत्तीनंतर रामजीही काही काळ दापोलीलाच होते. चळवळ उभी करायला वेळ, अक्षर आणि निर्भय पोट लागतं. ही तिन्ही या माणसांना पलटणीने दिली.

मग 1892-93 च्या सुमारास महारांची भरतीच थांबली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढाऊ जमाती’चा सिद्धांत बोकाळला. जातवार पलटणी बांधायच्या ठरल्या आणि अस्पृश्यांशेजारी उभं राहायला सवर्ण शिपाई तयार होत नाहीत, ही सबब त्याला जोडली गेली. वलंगकरांनी 1894 मध्ये अर्ज तयार केला आणि त्यात आपले पूर्वज क्षत्रिय असल्याचं मांडलं. धनंजय कीर यांच्या आंबेडकरचरित्रात आहे, की रामजींनीही न्यायमूर्ती रानडे यांच्या मदतीने अर्ज लिहवून घेतला. सरकार हललं नाही.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा 1917 मध्ये ‘111 महार’ ही पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, त्यामागे ही सगळी फसवणूक होती. 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेल्यावर त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे या रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे जवान घेतले जाऊ लागले. जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख तिच्यातून आले. 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना 1987 मध्ये श्रीलंकेतल्या कामगिरीबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आज गावोगाव पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करतात. त्यांच्या मनात वर्दीचा मान आहेच. पण घरात विचारलं तर आईबापांच्या तोंडी पक्की नोकरी आणि पेन्शन हेच शब्द येतात. 2022 पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होतात. बाकीचे सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख रुपये घेऊन पेन्शनशिवाय परततात. पेन्शनचा तिजोरीवरचा बोजा किती, याची आकडेमोड सरकार करतं. दापोलीत त्याच पेन्शनवर काय उभं राहिलं, ते या आकडेमोडीत कुठेच धरलेलं नाही, आणि मला ही या योजनेतली सगळ्यात गंभीर चूक वाटते.