अवतार : द लास्ट एअरबेंडर
अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एक अद्‌भुतरम्य सचेतनपट-मालिका. मायकेल दांते दिमार्तीनो व ब्रायन कोनिएत्स्को हे तिचे जनक. निकलोडियन वाहिनीवर २१ फेब्रुवारी २००५ ते १९ जुलै २००८ या काळात जल, पृथ्वी व अग्नी या तीन पर्वांत तिचे ६१ भाग प्रक्षेपित झाले. पंचमहाभूतांपैकी आकाश वगळता उरलेल्या चारांवर प्रभुत्व असणाऱ्या व पुनःपुन्हा जन्म घेणाऱ्या व्यक्तीस तीत ‘अवतार’ ही संस्कृत संज्ञा दिली आहे. आंग हा १२ वर्षांचा बालभिक्षू १०० वर्षे हिमात गोठून राहतो. जागा झाल्यावर अग्निराष्ट्राने आपल्या वायुपंथीयांचा संहार केल्याचे त्यास कळते.

मालिकेचे लेखन अमेरिकेत झाले. सचेतनीकरण मात्र दक्षिण कोरियातील चित्रशाळांनी केले. महाभूतांच्या प्रयोगासाठी चिनी युद्धकलांतील हालचाली आधारभूत धरल्या : जलास ताई-ची, पृथ्वीस हुंग-गार, अग्नीस उत्तर शाओलिन व वायूस बाग्वाझांग. शत्रूचा वध करावा की अहिंसाव्रत पाळावे, हा आंगपुढील पेच अखेरच्या चार भागांचा गाभा होय. तो शत्रूस न मारता त्याची अग्निशक्ती हरण करतो. गुंतागुंतीची पात्रे व युद्धाच्या परिणामांचे भान यांबद्दल मालिकेस २००८ चा पीबडी पुरस्कार मिळाला.