व्हेलास्केझचा दरबार, पिकासोचा कॅनव्हास

जुन्या थोर चित्राची आपल्या शैलीत पुनर्मांडणी करायची, तर मूळ चित्रापासून जितके दूर जाल तितके ते चित्र तुमचे, असा एक समज आहे. पाब्लो पिकासोच्या ‘लास मेनिनास’ मालिकेकडे पाहिले की तो टिकत नाही. डिएगो व्हेलास्केझने १६५६ मध्ये रंगवलेले ‘लास मेनिनास’ माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. उंची ३१८ सेंटिमीटर, रुंदी २७६. राजवाड्यातल्या उंच दालनात छोटी राजकन्या मार्गारिता, तिच्या भोवती दोन सख्या, मारिबार्बोला आणि निकोलास पेर्तुसातो हे दरबारातले दोन ठेंगू, पेंगणारा मोठा कुत्रा, मागे दारातल्या पायरीवर थांबलेला कारभारी, भिंतीवरच्या आरशात राजा फिलिप चौथा आणि राणी, आणि डावीकडे आपल्याकडे पाठ केलेल्या प्रचंड कॅनव्हाससमोर खुद्द व्हेलास्केझ. पिकासोने हे चित्र १८९५ मध्ये, किशोरवयातच, प्रादोत पाहिले होते. त्यावर हात चालवला तो १७ ऑगस्ट १९५७ रोजी, दक्षिण फ्रान्समधल्या कान शहरातल्या आपल्या बंगल्यात.

त्या पहिल्या कॅनव्हासमध्ये त्याने किती गोष्टी तशाच ठेवल्या, ते आधी पाहायला हवे. माणसे तीच, त्यांच्या जागा जवळजवळ त्याच, आरसा आणि उघडे दारही जागच्या जागी. बदलले ते मोजकेच, पण मुळावर घाव घालणारे. उभे चित्र आडवे झाले: १९४ बाय २६० सेंटिमीटर. रंग काढून घेतले, उरला करडा. उजवीकडच्या खिडक्या उघडल्या. छतातले दोन आकडे मूळ चित्रात सावलीत जेमतेम जाणवतात, इथे ते ठळक झाले. आणि व्हेलास्केझ पार छताला भिडला. मूळ चित्रात तो दरबाराचा एक अदबशीर नोकर आहे. छातीवरचा सान्तियागोचा लाल क्रूस हा मान त्याला १६५९ मध्ये मिळाला आणि तो क्रूस चित्रात मागाहून काढला गेला. पिकासोच्या दालनात हा नोकर सगळ्यांत मोठा, रेषारेषांनी गच्च भरलेला. उजवीकडचे दोघे ठेंगू नुसत्या पांढऱ्या, बाळबोध आकृत्या. आणि आरशातली राजसत्ता होती तिथेच, तेवढीच लहान. दालनाचा धनी कोण, हे पिकासोने अशा रीतीने ठरवून टाकले. पण ही उलथापालथ आपल्याला दिसते कशामुळे? सांगाडा मूळचाच आहे म्हणून. बंदिश तीच असली की गवयाचे आपले काय ते कळते. बंदिशच बदलली तर तुलना कशाशी करणार? (पेंगणाऱ्या भल्यामोठ्या कुत्र्याच्या जागी पिकासोने घरात वावरणारा ‘लुम्प’ नावाचा आखूड पायांचा डाक्सहुंड बसवला. हा निव्वळ खट्याळपणा, आणि मला तो आवडतो.)

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे सारे उसन्या कीर्तीवर उभे आहे; प्रतिभावंताने स्वतःचे विषय शोधावेत. पण स्वतःचे विषय ही अपेक्षा व्हेलास्केझला तरी लावता येईल का? ‘लास मेनिनास’च्या मागच्या भिंतीवर वरती जी दोन काळोखी चित्रे टांगलेली दिसतात, तीही नकलाच आहेत: रुबेन्स आणि योर्डान्स यांच्या चित्रांवरून व्हेलास्केझचा जावई माझो याने केलेल्या. रुबेन्सने स्वतः १६२८-२९ मध्ये माद्रिदला मुक्काम असताना तिशियनच्या चित्रांच्या प्रती केल्या, आणि त्यांतले ‘युरोपाचे अपहरण’ व्हेलास्केझच्या ‘लास हिलान्देरास’ या चित्रात, मागच्या पडद्यावर विणलेले दिसते. पिकासो या रांगेत उशिरा आला, एवढेच. व्हॅन गॉगनेही सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात १८८९-९० मध्ये मिलेच्या चित्रांवरून वीसेक चित्रे केली. त्याच्यासमोर काळ्या-पांढऱ्या छापील प्रती होत्या, म्हणजे रेखाटन मिलेचे आणि रंग सर्वस्वी त्याचे. हे आपल्याला शोभते का, हा प्रश्न त्यालाही पडला असावा. वादक दुसऱ्याची रचना वाजवतो तेव्हा तिच्यात आपला अर्थ भरतोच, असा युक्तिवाद त्याने भावाला लिहिलेल्या पत्रात केला आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: मूळ चित्र माहीत नसलेल्याला यात काय मिळणार? फारसे नाही, हे मान्यच करावे लागते. मालिकेतली काही चित्रे एकेकटी पाहिली तर उणी वाटतात. राजकन्येचे डोके पुन्हा पुन्हा येते आणि त्यांतले प्रत्येक काही थोर नाही. मात्र पिकासोने ती सुटी चित्रे म्हणून केलीच नव्हती. एखादी आकृती जरा उजवीकडे सरकवली तर काय होईल, असे करत करत व्हेलास्केझची ‘मेनिनास’ आपली होत जाईल, असे तो आपला मित्र साबार्तेस याला काही वर्षे आधीच बोलला होता. सप्टेंबरात तो मध्येच थांबला आणि बंगल्याच्या सज्जातून दिसणारी कबुतरे रंगवत बसला. परतला तेव्हा रंग उजळलेले होते. १७ ऑक्टोबरला पेर्तुसातोचे पुढे आलेले हात त्याला पियानो वाजवणाऱ्याचे वाटले आणि त्याने खरोखरच त्या पोरासमोर पियानो मांडला. हा निष्कर्ष सतराव्या शतकातल्या त्या हातांकडे टक लावून पाहिल्यावाचून निघत नाही. कबुतरे नऊ, निसर्गचित्रे तीन, इतर दोन आणि थेट ‘लास मेनिनास’वरची ४४, अशी एकूण ५८ चित्रे झाली. फेब्रुवारी १९६८ मध्ये साबार्तेस वारला. त्याच वर्षी त्याच्या स्मरणार्थ पिकासोने ती सगळी, उणी-अधिक निवड न करता, कबुतरांसकट बार्सिलोनाच्या संग्रहालयाला देऊन टाकली.