प्रवरेची पांढरी

जुन्या मराठी दप्तरांत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द जोडीनें येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे घरें बांधून राहण्याची जागा. हे शब्द केवळ हिशेबाच्या सोयीसाठीं पडलेले नाहींत. चुलींची राख, गुरांचें शेण, हाडें आणि पडक्या भिंतींची माती शेंकडों वर्षें एके ठिकाणीं सांचली म्हणजे त्या जागेची माती खरोखरच पांढुरकी होते, आणि वस्तीवर वस्ती चढत जाऊन तेथें टेंकाड उभें राहतें. शेतकऱ्याची नजर तें दुरूनच ओळखते. महाराष्ट्राचा अतिप्राचीन इतिहास ज्या टेंकाडांतून बाहेर आला, त्यांतील कित्येक महत्त्वाचीं टेंकाडें प्रवरेच्या कांठीं आहेत.

प्रवरा रतनगडाच्या परिसरांत सह्याद्रीवर उगम पावते आणि अकोलें, संगमनेर, नेवासें या गांवांवरून पूर्वेस वाहत प्रवरासंगम येथें गोदावरीस मिळते. हा सारा प्रदेश अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांत मोडतो. घाटमाथा मागें पडतांच येथें पाऊस झपाट्यानें कमी होतो. नदीला मात्र घाटावरचें पाणी मिळतें. अवर्षणाच्या मुलखांत वस्ती नदीला बिलगून वाढली, याचें कारण हेंच.

नेवाशापाशीं नदीच्या जुन्या वाळूगोट्यांच्या थरांत अश्मयुगीन माणसाचीं दगडी हत्यारें सांपडलीं आहेत. परंतु तो माणूस शिकारी होता, भटका होता. घर बांधून शेती करणारा माणूस या खोऱ्यांत इसवी सनापूर्वीं २२०० च्या सुमारास आला. त्याची खूण श्रीरामपूर तालुक्यांतील दायमाबाद येथें मिळाली. हें स्थळ १९५८ सालीं उजेडांत आलें आणि १९७९ पर्यंत तेथें तीन वेळां उत्खनन झालें. एकावर एक असे पांच संस्कृतींचे थर तेथें निघाले. त्यांपैकीं दुसऱ्या थरांत सिंधु लिपीचीं अक्षरें असलेल्या मातीच्या मुद्रा सांपडल्या. सिंधु संस्कृतीचा धागा दक्षिणेंत प्रवरेपर्यंत पोंचला होता, असें त्यावरून ठरलें. १९७४ सालीं तेथेंच एका रहिवाशास झाडाचें मूळ खणतांना चार धातुशिल्पें मिळालीं: दोन बैलांचा रथ व त्यांतील पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचें मिळून वजन ६० किलोंहून अधिक आहे. तीं उत्खननांत थरांतून निघालीं नाहींत, म्हणून त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत अजून वाद आहे.

संगमनेरजवळच्या जोर्वे गांवीं १९५०-५१ सालीं ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खणलें. तेथें तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि लाल अंगावर काळी नक्षी काढलेलीं, खणखणीत वाजणारीं, तोटीचीं भांडीं मिळालीं. तशींच भांडीं पुढें महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आढळल्यामुळें त्या सर्व संस्कृतीसच ‘जोर्वे’ हें नांव पडलें. तिचा भर इसवी सनापूर्वीं १४०० ते १००० हा होय. हे लोक कुडाच्या घरांत राहत, जव व मसूर पिकवीत, गुरें पाळीत. मूल दगावलें तर त्यास दोन मातीच्या घटांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालींच पुरीत. नेवाशाच्या लाडमोड टेंकाडावर १९५४ नंतर झालेल्या उत्खननांत अशाच एका मुलाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ निघाली, आणि मण्यांत ओवलेला धागाही थोडा शिल्लक होता. तीन हजार वर्षांपूर्वीं या कांठीं सूत काढलें जात होतें, हें त्या तुटक्या धाग्यानें सिद्ध केलें.

इसवी सनापूर्वीं १००० च्या सुमारास दायमाबाद ओस पडलें. हवामान कोरडें होत गेलें, असें कांहीं संशोधक मानतात. मग सातवाहन काळांत नेवासें पुन्हां नांदतें झालें. रोमन मद्यकुंभांचे तुकडे तेथें निघाले आहेत. शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानेश्वरी याच गांवांत सांगितली गेली. भाविक आजही पैसाच्या खांबाचें दर्शन घेतात. जवळच्या टेंकाडाकडे सहसा कोणी वळत नाहीं.

त्या दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. पांढरीची माती खतासारखी असते. म्हणून ती गाडीनें वाहून काळीवर पसरण्याची चाल जुनी आहे. शेताला त्यानें एकदोन हंगाम बरकत येते, यांत शेतकऱ्याचा दोष नाहीं. परंतु थर एकदां उकरला गेला कीं कोणती वस्तू कोणत्या काळची, हें सांगणारा पुरावा कायमचा जातो. दायमाबादच्या रथाविषयींचा वाद याच कारणानें मिटत नाहीं. नेवाशास जाणाऱ्या कुटुंबानें खांबाच्या दर्शनानंतर घटकाभर टेंकाडावरही जावें. तेथें पायाखालीं खापर दिसलें, तर मुलांना तें उचलूं न देतां जागच्या जागीं दाखवावें. तें जेथें पडलें आहे तेथेंच राहिलें, तरच त्यावरून कांहीं कळण्याची आशा आहे.