जुने उबुंटू : अपग्रेड करावे की नव्याने बसवावे?

लिनक्स घरोघरी : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण बॅकअप घेतला. आजचा निर्णय त्याच्याच भरवशावर घ्यायचा आहे.

समजा, लॅपटॉपवर उबुंटू १८.०४ आहे. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्ये संपला. लॅपटॉप अजून व्यवस्थित चालतो, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या आता येत नाहीत. अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. लगेच बदल शक्य नसेल, तर उबुंटू प्रोचे सदस्यत्व घ्या. वैयक्तिक वापरासाठी ते पाच मशीनपर्यंत मोफत आहे. त्यातून मुदत मिळते, प्रश्न मात्र सुटत नाही.

आता अपग्रेडचा मार्ग पाहा. एका एलटीएस (दीर्घ मुदतीच्या सपोर्टच्या) आवृत्तीवरून फक्त पुढच्याच एलटीएसवर जाता येते. १८.०४ वरून २४.०४ गाठायचे तर २०.०४ आणि २२.०४ ही दोन्ही ठाणी घ्यावी लागतात, म्हणजे तीन अपग्रेड. दर वेळी ढीगभर पॅकेजेस बदलतात, बाहेरच्या रिपॉझिटरी बंद केल्या जातात आणि तुम्ही हाताने बदललेल्या सेटिंगच्या फाइलींबद्दल ‘जुनी ठेवू की नवी घेऊ’ असे विचारले जाते. या प्रवासात पायथन ३.६ वरून ३.१२ वर जाते, त्यामुळे जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पुन्हा तयार करावी लागतात. पोस्टग्रेस १० वरून १६ वर येते, पण त्यातला डेटा आपोआप नव्या आवृत्तीत जात नाही. ते काम वेगळे करावे लागते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. एकच टप्पा ओलांडायचा असेल आणि बहुतेक सॉफ्टवेअर उबुंटूच्याच भांडारातले असेल, तर अपग्रेड करा. वर्षानुवर्षे सेटिंग साठलेला, पण नोंदी नसलेला सर्व्हर असेल, तरीही आधी अपग्रेडचाच विचार करा. फक्त त्याची तालीम सर्व्हरच्या प्रतीवर घ्या.

दोन किंवा अधिक टप्पे असतील, पीपीए (बाहेरच्या रिपॉझिटरी) भरमसाट असतील किंवा पॅकेजेस आधीच अडकलेली असतील, तर नव्याने बसवा. ३२ बिट उबुंटू असेल तर दुसरा मार्गच नाही: १८.०४ च्या पुढे ३२ बिटचे अपग्रेड मिळत नाही, आणि ३२ बिटवरून ६४ बिटवर अपग्रेडने जाता येत नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असल्याची तेवढी खात्री करून घ्या.

नव्याने बसवण्याआधी तीन कामे करा. स्वतः बसवलेल्या पॅकेजेसची यादी फाइलमध्ये उतरवा. होमसोबत ईटीसी फोल्डरचीही प्रत घ्या. सर्व्हरच्या बहुतेक सेटिंग तिथेच असतात. नवी आवृत्ती पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. होमचे पार्टिशन वेगळे असेल, तर बसवताना ते फॉरमॅट होणार नाही याची काळजी घ्या. तरीही बॅकअप हवाच.

उबुंटूची एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे नेहमीचा सपोर्ट असतो. नव्या एलटीएसची पहिली सुधारित आवृत्ती आली, की एक सुट्टीचा दिवस काढून तो एक टप्पा पार करा. हे वेळच्या वेळी केले, तर सगळे पुसून नव्याने बसवण्याची पाळी क्वचितच येईल.

पुढच्या लेखात : पार्टिशनची आखणी.