सेवेचे व्रत आणि सेविकेचा आधार

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीच्या संगणक कंपन्या आहेत, तर दुसऱ्या टोकाला ताम्हिणी घाटातील विखुरलेल्या वाड्या. भर पावसात अशा वाडीतील एखाद्या स्त्रीला कळा सुरू झाल्या की घरची माणसे प्रथम हाक मारतात ती गावच्या 'आशा' कार्यकर्तीला. गरोदर स्त्रीची नोंद करणे, तिला रुग्णालयात पोहोचविणे, जन्मल्या बालकाकडे ४२ दिवसांपर्यंत ठरल्या दिवशी फेऱ्या घालणे, ही सारी कामे तिची. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तिला प्रशिक्षण दिले. दर्जा मात्र दिला स्वयंसेविकेचा.

सेवेसाठी स्त्रियांना पद्धतशीर शिक्षण द्यावे, हा विचार आधुनिक काळात रुजला तो जर्मनीत. ऱ्हाईन नदीकाठच्या कैझर्सवेर्थ गावी थिओडोर फ्लीडनर या प्रोटेस्टंट धर्मगुरूने व त्याची पत्नी फ्रीडेरिके हिने १८३६ साली सेविकांचे विद्यालय काढले. १८५४ साली ल्यूथरपंथी धर्मगुरू विल्हेल्म ल्योहे याने बव्हेरियात नॉयनडेटेल्साऊ येथे तशीच संस्था उभारली. या सेविकांना 'डीकनेस' म्हणत. दया ही मनाची वृत्ती असली, तरी जखम बांधणे व ताप ओळखणे ही शिकण्याची विद्या आहे, हे या संस्थांनी ओळखले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५१ साली कैझर्सवेर्थला काही महिने राहून शिक्षण घेतले आणि १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली.

महाराष्ट्रात हे काम अधिक अवघड होते. परक्या जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढणे म्हणजे विटाळ, अशी ज्या समाजाची समजूत, त्याच समाजातील विधवांना परिचारिका करावयाचे होते. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू करणाऱ्या रमाबाई रानडे यांनी हे धाडस केले. सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात शिकू लागल्या. ज्या विधवेला घरात केवळ राबवून घेतले जाई, तिच्या हाती विद्या आली आणि विद्येबरोबर स्वतःची मिळकत आली. सेवाधर्म आणि स्वावलंबन यांत रमाबाईंना विरोध दिसला नाही.

आजच्या व्यवस्थेला मात्र तो दिसतो. पगार मागितला की सेवाभाव मलिन होतो, असे सुचविले जाते. वेतन घेणाऱ्या डॉक्टरच्या करुणेविषयी कोणी शंका घेत नाही; मग ती सेविकेविषयीच का घेतली जावी? येथे डीकनेसचे उदाहरण पुन्हा आठवावे. तिला पगार नव्हता हे खरे. परंतु अन्न, वस्त्र, निवारा, आजारपणातील शुश्रूषा आणि म्हातारपणचा सांभाळ यांची हमी तिच्या संस्थेने, 'मातृगृहा'ने घेतलेली असे. निःस्वार्थ सेवेमागे असा भक्कम आधार उभा होता. शिवाय ती अविवाहित असे. 'आशा' संसारी असते. तिच्या पदरी मुले असतात.

देशात आज सुमारे दहा लाख 'आशा' आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. त्यांना कामागणिक मोबदला व राज्याचे मानधन मिळते, विम्याच्या काही योजनाही लागू झाल्या आहेत. पण कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. मानधनासाठी महाराष्ट्रातील 'आशां'ना २०२१ साली आणि त्यानंतरही संपावर जावे लागले.

सेविकेकडून डीकनेसची निष्ठा हवी असेल, तर समाजाने मातृगृहाची जबाबदारीही पत्करली पाहिजे. घाटातली वाट रात्री-अपरात्री तुडविणारीला व्रत शिकविण्याची गरज नाही. ते ती पाळीतच आहे. तिच्या म्हातारपणाची चिंता कोणी वाहावयाची, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तिला मिळावयाचे राहिले आहे.