अक्षरे तीच, खूण निराळी : प्रयोगशाळेतील डीएनए मिथिलट्रान्सफरेज

हरभऱ्यावरील घाटेअळी किंवा कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी यांच्या नियंत्रणासाठी वापरले जाणारे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अर्थात बीटी, हे जैविक कीटकनाशक शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. या जीवाणूतील कीटकनाशक प्रथिनाच्या जनुकात सुधारणा करून ते पुन्हा बीटीमध्ये बसवायचे असल्यास ते प्लास्मिड या लहान वर्तुळाकार डीएनएवर जोडून प्रथम ई. कोलाय जीवाणूत वाढवले जाते. मात्र तेथून काढलेले प्लास्मिड बीटीत सोडल्यावर अनेकदा निराशा पदरी येते. अपेक्षित वसाहती फारच थोड्या वाढतात. जनुकाचा अक्षरक्रम तपासावा, तर त्यात एकही चूक नसते. दोष अक्षरांत नसून अक्षरावर उमटलेल्या एका सूक्ष्म रासायनिक खुणेत असतो.

खूण उमटवणारे विकर

डीएनएची भाषा ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांची. डीएनए मिथिलट्रान्सफरेज हे विकर ठराविक अक्षरक्रम ओळखून त्यातील ए किंवा सी या अक्षरावर मिथिल गट जोडते. अक्षर बदलत नाही. त्यावर जणू शिक्का बसतो. जीवाणूंसाठी हा शिक्का स्वसंरक्षणाचा असतो. बाहेरून शिरलेल्या विषाणूचा डीएनए कापण्यासाठी त्यांच्याजवळ रिस्ट्रिक्शन विकरे असतात. स्वतःचा डीएनए त्यांच्या तडाख्यातून वाचावा म्हणून त्यावर आधीच खूण केलेली असते. या विकरांच्या शोधासाठी व्हर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नाथन्स यांना 1978 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ई. कोलायमधील डॅम हे मिथिलट्रान्सफरेज ‘जीएटीसी’ या क्रमातील ए वर खूण करते. चार अक्षरांचा असा क्रम सरासरी 256 अक्षरांमागे एकदा येऊ शकतो. म्हणजेच काही हजार अक्षरांच्या प्लास्मिडवर अशा अनेक खुणा असतात. बीटी जीवाणू खुणा असलेला हा डीएनए परका मानून नष्ट करतो. खुणाविरहित प्लास्मिड बीटीत चांगले स्थिरावते, हे 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यामुळे डॅम व डीसीएम ही दोन्ही मिथिलट्रान्सफरेज नसलेल्या ई. कोलाय वाणातून प्लास्मिड काढण्याचा मार्ग रूढ झाला.

काही जीवाणूंच्या बाबतीत नेमके उलटे करावे लागते. त्यांच्या कात्रीपासून वाचवण्यासाठी प्लास्मिडवर योग्य ती खूण परीक्षानळीतच उमटवून मग ते आत सोडले जाते.

परीक्षानळीतील काम

या अभिक्रियेसाठी डीएनए, विकर, योग्य द्रावण आणि मिथिल गट पुरवणारे एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनीन, म्हणजे ‘सॅम’, एवढे साहित्य लागते. सर्वसाधारणपणे 37 अंश सेल्सिअसला एक तास अभिक्रिया चालते. सॅम उबदार तापमानात लवकर विघटित होते. जुने सॅम वापरल्यास खूण अपुरी उमटते. म्हणून ते गोठवून ठेवावे व ऐन वेळी मिसळावे.

खूण उमटली की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी खुणेमुळे अडणाऱ्या रिस्ट्रिक्शन विकराने डीएनए कापून पाहतात. एमबीओ-वन हे विकर खूण नसलेला जीएटीसी क्रम कापते, तर डीपीएन-वन खूण असलेलाच कापते. सोबत खूण न केलेला नमुना लावल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. अन्यथा बिघडलेल्या कात्रीलाच यशस्वी खूण समजण्याची चूक होते.

मधमाशीच्या अभ्यासातील उपयोग

राणी माशी व कामकरी माशी यांचा जनुकीय आराखडा सारखाच असतो. अळीअवस्थेतील आहारामुळे त्यांची वाट वेगळी होते. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अळ्यांमधील डीएनएमटी-3 या मिथिलट्रान्सफरेजचे प्रमाण घटवले, तेव्हा बहुसंख्य अळ्यांपासून राणीसदृश माश्या निपजल्या. फळमाशीच्या वर्गातील ड्रोसोफिलात मात्र हे विकर आढळत नाही. त्यामुळे एका कीटकावरील निष्कर्ष दुसऱ्यावर जसाच्या तसा लागू करता येत नाही.

मधमाशीच्या डीएनएतील एक टक्क्याहूनही कमी सी अक्षरांवर अशी खूण असते. ती शोधताना बायसल्फाइट प्रक्रिया करतात. तीत खूण नसलेले सी बदलते, खूण असलेले टिकते. प्रक्रिया अपुरी राहिली, तर खूण नसलेले सीदेखील टिकून राहते आणि नसलेल्या खुणा दिसू लागतात. म्हणून दोन तुलना-नमुने आवश्यक ठरतात : एक पूर्णतः खुणाविरहित आणि दुसरा एम-एसएसएस-वन या मिथिलट्रान्सफरेजने प्रत्येक ‘सीजी’ क्रमावर खूण केलेला.

नमुना पाठवताना

पीसीआर पद्धतीत डीएनएच्या प्रती तयार होतात, पण मिथिल खुणा त्या प्रतींत उतरत नाहीत. किडीची ओळख किंवा बीटी जनुकाची नेहमीची चाचणी यांत त्यामुळे बाधा येत नाही. खुणांचाच अभ्यास असेल, तर मूळ नमुना महत्त्वाचा ठरतो. ऊतक, वय व अवस्था यांनुसार खुणा बदलू शकतात. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी आणि मधपाळांनी अळी की प्रौढ, राणी की कामकरी, वय किती आणि शरीराचा कोणता भाग, याची नोंद प्रत्येक कुपीवर करावी. वेगवेगळ्या अवस्थांचे नमुने एकत्र करू नयेत. एकदा मिसळलेले नमुने प्रयोगशाळेला वेगळे करता येत नाहीत. शेतावर केलेली ही नोंदच पुढील निष्कर्षाचा पाया असते.